मदत हवी आहे: घरी येऊन दिलेल्या लग्नाच्या आमंत्रणाला नकार कसा कळवावा?

म्हापसेकरीण:
माझ्या यजमानांच्या (नवऱ्याच्या) मावसभावाच्या मुलीचं लग्न गोव्यात म्हार्दोळला देवळाच्या सभागृहात आहे. दोघं नवरा-बायको घरी येऊन अक्षता आणि पत्रिका देऊन गेली. आम्ही तेव्हा 'पळोवया' (बघूया) म्हणून वेळ मारून नेली. त्याच दिवशी संध्याकाळी साळगावला ऑफिसातल्या ख्रिस्ती सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न आहे. कार्डावर खाली आरएसव्हीपी (येणार की नाही ते कळवा) आणि दोन फोन नंबर आहेत. दोन्हींपैकी कुठेच जाणं शक्य नाही. कारण घरगुती आहे, चारचौघांत सांगण्यासारखं नाही. कोणी, कधी, काय कळवायचं? आहेराचं काय?

बांदोडकर:
'पळोवया' म्हटलंत म्हणजे तिकडे तुमची पानं धरली गेली. केटररला आकडा लग्नाच्या तीन-चार दिवस आधी सांगतात आणि पैसे त्या आकड्यावर लागतात, जेवणारे कितीही येवोत. म्हणून निदान आठवडाभर आधी कळवा. फोन यजमानांनी करायचा, तोही थेट मावसभावाला. वहिनींनी वहिनींना सांगितलं की निरोप तीन घरं फिरून वेगळाच पोचतो. घरी येऊन अक्षता दिलेल्यांना व्हॉट्सॲपवर नकार तर मुळीच नको.

बोलणं एवढंच: "दादा, पत्रिका मिळाली, बरं वाटलं. त्या दिवशी आम्हांला यायला जमणार नाही. जेवणात आम्हां चौघांना धरू नका. लग्न झाल्यावर जोडप्याला भेटायला घरी येतो." तिसरं वाक्य गाळू नका, समोरच्याला खरा उपयोग त्याचाच.

कुडचडेची मास्तरीण:
कारण न देता चालेल असं मला वाटत नाही. मावसभाऊ 'का रे?' विचारणारच. 'घरची अडचण आहे, भेटल्यावर सांगतो' एवढं पुरे, पण घरातल्या सगळ्यांनी तेच सांगायचं. आजारपणाचं निमित्त अजिबात नको; दुसऱ्या दिवशी माणसं शहाळी घेऊन दारात उभी राहतात. सुतकाचं तर नकोच, गोतावळ्यात ते तासाभरात उघडं पडतं.

बांदोडकर:
हे मान्य. 'भेटल्यावर सांगतो' म्हणाल तर भेटावं मात्र लागेल.

साळगावचो शेजारी:
साळगावचं सोपं आहे. आरएसव्हीपीला नकार कळवणं हा शिष्टाचारच आहे, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. न कळवता गैरहजर राहिल्याचं वाटतं. रिसेप्शनची टेबलं आकड्यावर मांडतात. दोन नंबर असले तर बहुतेक एक मुलाकडचा, एक मुलीकडचा. तुम्ही मुलाकडच्यावर करा. कार्डावर शेवटची तारीख असेल तर तिच्याआधी. इथे मेसेज चालतो, पण सहकाऱ्याला ऑफिसात तोंडी सांगा. चर्चमधली मिसा (प्रार्थनाविधी) आणि रिसेप्शन वेगळं असतं. तासभर मोकळा मिळाला तर फक्त मिसेला जाऊन बाहेर अभिनंदन करून परतलात तरी चालतं. तसं असेल तर 'रिसेप्शनला नाही' असं नेमकं सांगा.

म्हापसेकरीण:
सासूबाई म्हणतात, थोरल्या मुलाला एकट्याला म्हार्दोळला पाठवू. बरं दिसेल का?

कुडचडेची मास्तरीण:
उत्तम. घरटी एक माणूस गेला की आमंत्रणाचा मान राहिला. मग फोनवर 'चौघांना' ऐवजी 'आम्ही तिघं नाही, थोरला येईल' म्हणा. त्याला मुहूर्ताआधी पोचायला सांगा, नुसतं जेवायला नको.

आहेर त्याच्याच हाती द्या. पत्रिकेत 'आहेर आणू नये' असेल तर पाकीट नको, नंतर घरी जाताना मिठाई न्या. नसेल तर ५०१ किंवा १००१, तुमच्या घराण्यात आधीपासून असेल तसं. पाकिटावर यजमानांचं पूर्ण नाव आणि गाव लिहा. आहेर वहीत उतरवताना नुसत्या 'काकां'चा पत्ता लागत नाही. मुलगा गेला नाही तर लग्नाच्या दिवशी भलत्याच्या खिशात पाकीट देण्यापेक्षा भेटायला जाताना स्वतः द्या.

आणि त्या दिवशी कुणी दुसरीकडचे फोटो स्टेटसला टाकू नका.