मदत हवी आहे: फ्लॉपवरील चेक-रेझपुढे राण्यांची जोडी कुठवर धरून ठेवावी?

नमस्कार. मी ब्रिटनमध्ये राहतो आणि येथील एका परवानाधारक संकेतस्थळावर सहा जणांच्या टेबलावर ५ आणि १० सेंटचा नो-लिमिट होल्डेम (कितीही रक्कम लावण्याची मुभा असलेला पोकर) खेळतो. भारतात ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे याची मला जाणीव आहे, त्यामुळे कुठे खेळावे याविषयी हा धागा नाही. मला फक्त एका डावातील विचारप्रक्रियेबद्दल जाणकारांचे मत हवे आहे, कारण तीच चूक माझ्याकडून पुन्हा पुन्हा होत असावी अशी मला शंका आहे.

डाव असा झाला. दोघांपुढेही १० डॉलर, म्हणजे १०० बिग ब्लाइंड (डावाआधी सक्तीने लावायच्या दोन रकमांपैकी मोठी) होते. मी बटनवर (फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी खेळणाऱ्याच्या जागेवर) होतो आणि माझ्याकडे बदाम राणी व किलवर राणी होती. मी २५ सेंटपर्यंत रेझ केले (रक्कम वाढवली), स्मॉल ब्लाइंडने पाने टाकली आणि बिग ब्लाइंड लावणाऱ्याने कॉल केला (तेवढीच रक्कम भरली). पॉट (मधली जमा रक्कम) ५५ सेंट झाला. फ्लॉपवर (टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन सामायिक पानांत) इस्पिकची नव्वी, इस्पिकची अठ्ठी आणि चौकटची चव्वी आली. त्याने चेक केले (काही न लावता पाळी पुढे दिली), मी १८ सेंट लावले आणि त्याने ते ८० सेंटवर नेले, म्हणजे चेक-रेझ केले.

येथपर्यंतचा हिशेब मला जमतो. मला आणखी ६२ सेंट घालायचे होते आणि घातल्यावर पॉट २ डॉलर १५ सेंट होणार होता, म्हणजे कॉल परवडण्यासाठी साधारण २९ टक्के वेळा जिंकणे पुरेसे होते. त्याच्याकडील सेट (हातातील जोडी आणि टेबलावरील तेच तिसरे पान) मोजले तर नव्वीचे ३, अठ्ठीचे ३ आणि चव्वीचे ३ मिळून ९ प्रकार (दोन पानांचे शक्य संच) होतात, आणि एकाच रंगातील नव्वी-अठ्ठीचे आणखी ३. या बारांपुढे मी फार मागे आहे. सेटपुढे तर मला दहातून एकदाही जिंकता येत नाही. परंतु त्याच्याकडे इस्पिकचे अर्धवट फ्लश (एकाच रंगाच्या पाचपैकी चार पाने) असू शकतात, तसेच गुलाम-दश्शी, दश्शी-सत्ती आणि सत्ती-छक्की ही दोन्ही टोकांना उघडी असलेली अर्धवट सिक्वेन्सही असू शकतात. नऊ पानांवर अवलंबून असलेला फ्लश ड्रॉ (ड्रॉ म्हणजे पूर्ण व्हायला पान हवे असलेला हात) दोन पाने बाकी असताना सुमारे ३५ टक्के वेळा लागतो, म्हणजे त्यापुढे मी बराच पुढे आहे. इस्पिकचे गुलाम-दश्शी मात्र, दोन राण्या माझ्याकडे असल्या तरी, तेरा पानांवर सुधारते आणि माझ्याशी जवळजवळ बरोबरीत असते. सगळे धरून फ्लॉपवर पाने टाकणे मला चूक वाटते.

पूर्वी अशा वेळी मी लगेच पुन्हा रेझ करत असे, कारण ड्रॉ असलेल्याला स्वस्तात पुढचे पान पाहू देऊ नये असे मनात असायचे. आता ते पटत नाही. मोठ्या रेझपुढे ज्यांना मी हरवतो असे बहुतेक हात निघून जातात आणि उरतात ते सेट आणि मोठे ड्रॉ. शिवाय एक्क्यांची किंवा राजांची जोडी असती, तर त्याने फ्लॉपच्या आधीच पुन्हा रेझ केले असते, आणि दश्श्या वा गुलामांची जोडीही बऱ्याच वेळा. त्यामुळे माझ्यापेक्षा लहान ओव्हरपेअर (टेबलावरील सर्व पानांहून मोठी जोडी) घेऊन पैसे घालणारे हात त्याच्याकडे फारसे उरतच नाहीत. म्हणून मी फक्त कॉल केला.

टर्नला (चौथ्या सामायिक पानाला) बदामची दुर्री आली. त्याने १ डॉलर ४० सेंट लावले आणि मी पुन्हा कॉल केला. पॉट ४ डॉलर ९५ सेंट झाला. रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पानाला) चौकटची सत्ती आली आणि त्याने उरलेले सर्व ७ डॉलर ५५ सेंट पुढे केले. माझ्या नावाखालची वेळेची पट्टी हिरव्याची पिवळी आणि पिवळ्याची लाल होत गेली आणि मला एवढेच दिसत होते की इस्पिकचा फ्लश लागलेला नाही. शेवटच्या दोन सेकंदांत मी कॉल केला. त्याने चव्वीची जोडी दाखवली. म्हणजे फ्लॉपपासूनच मी मागे होतो.

एका निकालावरून निर्णय चूक ठरत नाही हे मला मान्य आहे, म्हणून नंतर कागदावर मोजून पाहिले. रिव्हरच्या कॉलसाठी मला सुमारे ३८ टक्के हवे होते. आधीच्या १२ प्रकारांत सत्तीमुळे सिक्वेन्स पूर्ण झालेले एकाच रंगातील गुलाम-दश्शीचे ४ मिळवले तर १६ होतात. म्हणजे माझा कॉल बरोबर ठरण्यासाठी त्याने हुकलेले किमान १० प्रकार तिन्ही फेऱ्यांत रेटून नेले पाहिजेत. वेगळ्या रंगांतील गुलाम-दश्शीनेही तो फ्लॉपवर रेझ करत असेल, तर आणखी १२ प्रकार माझ्या विरोधात जातात. जुन्या डावांच्या नोंदी चाळल्या तेव्हाही दिसले की या स्तरावर चेक-रेझ करणारे फ्लॉपवर ब्लफ करतात, टर्नला काही जण करतात, पण रिव्हरला सगळे पैसे लावून हवेतला ब्लफ दाखवणारे क्वचितच भेटतात.

माझी खरी अडचण इथे आहे. फ्लॉपवरचे २९ टक्के हे फक्त त्या एका कॉलचे गणित आहे, पण तो कॉल केल्यावर मागे ८ डॉलर ९५ सेंट उरतात, म्हणजे पॉटच्या चौपटीहून अधिक, आणि ते कुठवर घालायचे याचा आराखडा माझ्याकडे नसतो. टर्नला इस्पिक आल्यास माझ्याकडे एकही इस्पिक नसल्यामुळे पाने टाकावीत, इतके कळते. चव्वी आल्यास उलट मला बरे वाटते, कारण चव्व्यांच्या जोडीचे तीन प्रकार कमी होऊन एकच उरतो आणि नव्वी-अठ्ठीच्या दोन जोड्या माझ्या राण्या व चव्व्यांपुढे हरतात. पण दुर्रीसारख्या निरुपद्रवी पानावर काय करावे? त्याने पॉटच्या दोन-तृतीयांश लावल्यावर कॉल करणे आणि रिव्हरला मोठ्या बेटपुढे सोडून देणे ही शिस्त बरोबर आहे, की रिव्हरला सोडायचेच असेल तर टर्नचा कॉलही पैसे वाया घालवणारा ठरतो?

दुसरी गोष्ट इस्पिक राणीची. ती माझ्याकडे असती तर फ्लॉपवर मी थोडा अधिक भक्कम असतो, परंतु त्याचे काही हुकणारे फ्लश ड्रॉ मीच अडवले असते आणि रिव्हरच्या कॉलला ते मारक ठरले असते. फ्लॉपवर निर्णय घेताना यातील कोणत्या बाजूला अधिक वजन द्यावे, हे मला ठरवता येत नाही.

तसेच माझी १८ सेंटची बेट पॉटच्या एक-तृतीयांश होती. अशा लहान बेटवर समोरचा अधिक प्रकारांनी चेक-रेझ करतो. इतक्या जवळजवळच्या पानांच्या फ्लॉपवर मी ३५-४० सेंट लावले असते, तर त्याच्या रेझचा अर्थ अधिक स्पष्ट झाला असता का, आणि तेव्हा ओव्हरपेअर फ्लॉपवरच सोडणे योग्य ठरले असते का? ज्यांनी या स्तरावर बराच काळ खेळून नोंदी ठेवल्या आहेत, त्यांनी विशेषतः टर्नच्या प्रश्नावर सविस्तर लिहावे, ही विनंती.