मदत हवी आहे: लाकडी जहाजाच्या मॉडेलच्या पट्ट्या पुढच्या टोकाला बसत नाहीयेत, काढून परत लावू का?

नमस्कार मंडळी, इथे लाकूडकाम करणारं किंवा जहाजांची मॉडेल्स करणारं कुणी असेल तर प्लीज वाचा, थोडं लांबलंय पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

मी ६१ वर्षांची, डोंबिवलीत राहते, बँकेतून रिटायर झाले. गेल्या वर्षी लेकीकडे न्यूकॅसलला गेले होते तेव्हा ती मला हार्टलपूलला घेऊन गेली, तिथे ट्रिंकोमाली नावाचं जुनं लढाऊ जहाज ठेवलंय आणि ते चक्क आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलेलं आहे, जमशेटजी बोमनजी वाडियांनी, सागवानात, १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात सोडलं. दोनशे वर्षं होऊन गेली तरी अजून पाण्यावर तरंगतंय. माझे वडील गोदीत सुतार होते, ३४ वर्षं नोकरी केली त्यांनी. त्या डेकवर उभं राहून लाकडावरून हात फिरवला आणि मला त्यांची इतकी आठवण आली की लेकीला काही बोलताच येईना. तिने ते लक्षात ठेवलं आणि वाढदिवसाला मला मॉडेलचा किट पाठवला. ट्रिंकोमालीचा नाही, ते नवशिक्याचं काम नाही म्हणाली, साधं दोन डोलकाठ्यांचं स्कूनर म्हणजे शिडाचं जहाज आहे, स्केल १:५०.

आता अडचण. प्लायचा एक कणा आहे, त्याच्या खाचांमध्ये अकरा बल्कहेड म्हणजे आडव्या फासळ्या बसवायच्या आणि त्यावर पट्ट्या चिकटवत जायच्या. पहिला थर लाइमवुडच्या पट्ट्यांचा, ५ मिमी रुंद आणि दीड मिमी जाड, त्याच्यावर दुसरा थर सापेली नावाच्या लाकडाचा, तो अगदी पातळ अर्ध्या मिमीचा. डेकच्या कडेपासून खाली लावत आले. पहिल्या तीन छान बसल्या, चौथीला पुढच्या टोकाशी कड उचलायला लागली, पाचवी आणि सहावी तर आधीच्या पट्टीवर चढूनच बसल्यात, कौलं एकावर एक असतात तशी. पितळी खिळे मारून दाबायला गेले तर दोन पट्ट्या मोडल्या. मागच्या बाजूला उलटंच, तिथे फटी पडतायत. आणि काल वरून बघितलं तर अख्खा कणाच उजवीकडे वाकल्यासारखा वाटतोय (उजव्या बाजूला सहा लावल्यात, डावीकडे तीनच). सोबतच्या कागदात नुसती चित्रं आहेत, पट्टी कशी कापायची ते कुठेच नाही.

फेविकॉलने चिकटवलंय सगळं. काढता येईल का? का असंच पुढे जाऊन लांबी (पुट्टी) भरून घासून टाकू, वर दुसरा थर येणारच आहे म्हणून? खरं सांगते, हे मला नीट करायचंय, कपाटात अर्धवट ठेवायचं नाहीये.

प्रतिसाद १:
ताई, पहिल्या थरावर लांबी चालते, लाकडाचा बारीक भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरा, बाजारच्या लांबीपेक्षा चांगली बसते आणि घासलीही जाते. पण पट्टी पट्टीवर चढली असेल तर भरून उपयोग नाही, उंचवटा घासायला गेलात तर दीड मिमीची पट्टी आरपार जाईल. माझं एकदा असं भोक पडलं होतं.

प्रतिसाद २:
काकू, काढा. आत्ता अवघड वाटेल पण सहाव्या पट्टीला काढणं सोपं आहे, सोळाव्याला नाही.

मी मालवणचा, आमच्याकडे घरात होड्यांचंच काम होतं आणि मी गेली नऊ वर्षं मॉडेल्स करतोय. तुमची चूक झालीय असं नाही, पहिल्या मॉडेलला हे सगळ्यांना होतं कारण कुणी सांगतच नाही की पट्टी सरळ लावायचीच नसते. जहाजाचं पोट मधे मोठं असतं आणि नाळेकडे (पुढच्या टोकाला आम्ही नाळ म्हणतो) जागा कमी होत जाते. मधे जेवढ्या पट्ट्या बसतात तेवढ्याच पुढेही बसवायच्या तर प्रत्येक पट्टी पुढे निमुळती करायलाच हवी. नाही केली तर ती जागा शोधत वर चढते. लाकूड चपट्या बाजूने वाकतं, कडेच्या बाजूने वाकत नाही, तुम्ही खिळ्यांनी नेमकं कडेच्या बाजूने वाकवत होतात म्हणून मोडलं.

एक काम करा. वरच्या तीन पट्ट्या राहू देत, चौथीपासून खालच्या काढा. मग कागदाची बारीक पट्टी घेऊन तिसऱ्या पट्टीच्या खालच्या कडेपासून कण्यापर्यंत बल्कहेडच्या गोलाईवरून मोजा, प्रत्येक बल्कहेडवर, आणि आकडे इथे टाका.

प्रतिसाद ३:
फेविकॉल काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. ब्रशने सांध्यावर लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, परत लावायचं, मग पातळ पातं हळूच सरकवायचं. पाणी वापरू नका, प्लाय फुगेल. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस किंवा निरांजन पेटलेलं नको. फेविक्विक लावलं असेल तर त्याला अल्कोहोल नाही, अॅसिटोन लागतं.

धागाकर्ती:
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, अल्कोहोलने खरंच निघाल्या, दोन संध्याकाळी गेल्या पण एकही बल्कहेड तुटलं नाही. मोजलं. नाळेपासून मागे: पहिलं ४८ मिमी, दुसरं ५६, तिसरं ६४, चौथं ७२, पाचव्यापासून आठव्यापर्यंत ८०, मग वाढत वाढत शेवटचं अकरावं ९०. कणा अजून किंचित वाकडा आहे.

प्रतिसाद २:
मस्त मोजलंत काकू. आता हिशोब बघा. मधे ८० भागिले ५, म्हणजे एका बाजूला १६ पट्ट्या. नाळेला ४८ मधे त्याच १६ बसवायच्या तर प्रत्येक ३ मिमीची हवी. दुसऱ्या बल्कहेडवर साडेतीन, तिसऱ्यावर ४, चौथ्यावर साडेचार, पाचव्यापासून पुढे पूर्ण ५. पट्टी जहाजाला लावून बल्कहेडच्या जागी पेन्सिलने खुणा करा, खाली काढून त्या खुणांवर ही मापं टाका, खुणा जोडा, कटरने जरा बाहेरून कापा आणि बारीक रंध्याने नाहीतर सँडपेपरने रेषेपर्यंत आणा. तासायची कड वरची, म्हणजे आधीच्या पट्टीला टेकणारी. पट्टी अर्ध्या रुंदीपेक्षा बारीक मात्र कधी करायची नाही, तुमच्या बाबतीत अडीच मिमी, त्याखाली गेली की टोकाला फाटते. तुमचं ३ आहे, चालतंय.

मागे ९० म्हणजे १० मिमी जास्त, १६ पट्ट्या ८० च भरतील. तिथे पट्ट्या ताणून फट झाकायची नाही. प्रत्येकीला आपल्या वाटेने जाऊ द्या, आपोआप लांब निमुळती फट पडेल, तिच्यात वेगळा पाचरीसारखा तुकडा बसवायचा. असे दोन तुकडे लागतील तुम्हाला. खऱ्या जहाजांवरही असेच तुकडे असतात, लाजायचं काही नाही त्यात.

पट्टी लावायच्या आधी अजून एक गोष्ट आणि ही सगळ्यात जास्त लोक टाळतात. बल्कहेडच्या कडा तिरक्या घासल्यात का? त्या कारखान्यातून चौकोनी कापलेल्या येतात, नाळेपाशी पट्टी त्यांच्या फक्त कोपऱ्यावर टेकते. लाकडाच्या सपाट पट्टीवर १२० नंबरचा पेपर चिकटवून तीन-चार बल्कहेडवरून एकदम फिरवा, आणि मधेमधे एक मोकळी पट्टी आडवी टेकवून बघा, प्रत्येक बल्कहेडच्या पूर्ण जाडीवर टेकली पाहिजे, खालून उजेड दिसायला नको. नाळेजवळच्या पहिल्या दोन बल्कहेडच्या मधे बाल्साचा (हलक्या, मऊ लाकडाचा) ठोकळा बसवून गोलाईत घासून घ्या, म्हणजे पट्टीला चिकटायला जागा मिळेल. मला विचाराल तर या कामाला तीन संध्याकाळी द्या, पुढच्या तीस वाचतील.

कणा वाकला कारण एकाच बाजूला सहा लावल्यात. आता एक उजवी, एक डावी, असंच. लावायला घ्यायच्या आधी जहाज दोन सरळ लाकडांच्या मधे आवळून एक-दोन दिवस ठेवा, पट्ट्या निघाल्यात म्हणजे येईल सरळ.

प्रतिसाद ४:
वाकवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. लाइमवुड पाण्यात वीस-तीस मिनिटं भिजवा, मग केस सरळ करायच्या स्ट्रेटनरमधून हळूहळू ओढत वळण द्या. लगेच चिकटवायचं नाही!! ओलं लाकूड फुगलेलं असतं, सुकलं की आकसतं आणि सगळीकडे फटी पडतात. जहाजावर चिमट्यांनी नुसतं अडकवून रात्रभर सुकू द्या, दुसऱ्या दिवशी चिकटवा. पावसाळ्यात डोंबिवलीत रात्रभरही पुरणार नाही, पंख्याखाली दोन दिवस ठेवा. फेविकॉल कमीच, बल्कहेडवर आणि शेजारच्या पट्टीच्या कडेलाही. खिळा अर्धाच मारायचा आणि सुकल्यावर काढून टाकायचा, राहिला तर घासताना पेपर फाडतो.

प्रतिसाद ५:
मी पणजीहून. विषयाला थोडं सोडून, पण तुमच्या वडिलांबद्दल वाचलं म्हणून लिहावंसं वाटलं. आपल्या किनाऱ्यावरच्या शिवलेल्या जहाजांची पद्धत याच्या उलटी होती, आधी फळ्या काथ्याने एकमेकींना शिवून कवच करायचं आणि फासळ्या मागून आत बसवायच्या. तसंच शिवलेलं कौंडिण्य नावाचं शिडाचं जहाज गोव्यात बांधलं, मे २०२५ मध्ये नौदलात आलं, केरळच्या कारागिरांचा हात आहे त्यात. फळीला कसं वळायचंय ते त्या माणसांच्या हाताला कळतं. तुम्हाला वडिलांकडून काही हत्यारं मिळालीयत का?

धागाकर्ती:
हो, त्यांचा एक लहान रंधा आहे माझ्याकडे, तळव्यात मावेल एवढा, आणि एक गुण्या (काटकोन बघायचा). मॉडेलला हा मोठा पडेल म्हणून मी काढलाच नव्हता बाहेर. तुमचं वाचून काढला, पातं धार लावून घेतलं शेजारच्या फर्निचरवाल्यांकडून, आणि पट्टी निमुळती करायला तोच वापरतेय. दोन पट्ट्या एकत्र चिमट्यात धरून तासते, म्हणजे उजवी-डावी अगदी सारख्या निघतात.

तीन आठवड्यांनी अपडेट देते. बल्कहेड घासण्यात पाच संध्याकाळी गेल्या. कणा सरळ झाला, गुण्या लावून बघितला. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा पट्ट्या झाल्यात आणि नाळेपाशी एकही चढलेली नाही, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं. मागे एक पाचर बसवली, दुसरीची जागा दिसायला लागलीय. सहज हिशोब केला, १:५० म्हणजे माझी ही ५ मिमीची पट्टी खऱ्यात २५ सेंटिमीटर रुंद फळी, आणि त्या डेकवर मी उभी राहिले तर तीन सेंटिमीटरच्या आसपास. बाबा अशा फळ्या खांद्यावरून न्यायचे.

एक शेवटचं विचारते, सगळ्यात शेवटची पट्टी कुठे येऊ द्यायची? वरून खाली येतेय तर कण्याला लागूनची शेवटी येईल, ती वाकडीतिकडी कापावी लागेल ना?

प्रतिसाद २:
इथेच थांबा काकू, बरं झालं विचारलंत. आता कण्याकडून वर या. कण्याला लागूनची पट्टी आधी लावा, ती पुढे फार वर ओढू नका, पहिल्या बल्कहेडच्या अलीकडेच थांबू द्या, नाहीतर वरच्यांची जागा खाते. ती लावली की राहिलेली जागा परत मोजा आणि नवीन भागाकार करा, जुने आकडे तिथे चालणार नाहीत. शेवटची फट पोटाच्या गोलाईत येईल, तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिल आडवी घासा, कडा उमटतील, तो आकार पट्टीवर चिकटवून कापा. जराशी मोठीच कापा आणि घासत घासत बसवा.

धागाकर्ती:
कण्याची पट्टी आत्ता भिजत टाकली. परवा लावते.