होईस्टच्या मोटरचा करंट पाहून उचललेल्या मालाचे वजन काढता येईल का? सल्ला हवा आहे

सातपूरचा फॅब्रिकेटर

नमस्कार. सातपूर औद्योगिक वसाहतीत आमचे फॅब्रिकेशनचे लहानसे वर्कशॉप असून तिथे दोन टनी इलेक्ट्रिक वायर रोप होईस्ट, म्हणजे तारेच्या दोराने माल वर उचलणारे यंत्र आहे. मोटर ३.७ किलोवॅटची, म्हणजे पाच एचपीची आहे आणि हुकचा वेग मिनिटाला ८ मीटर आहे. गेल्या महिन्यात ड्रॉइंगवर १.७ टन लिहिलेला एक सांगाडा वे-ब्रिजवर २.३ टन भरला, कारण मधल्या काळात स्टिफनर (मजबुतीसाठीच्या पट्ट्या) वाढवल्याची नोंद कोणी केलीच नव्हती. होईस्टने तो निमूटपणे उचलला, हीच खरी भीतीची गोष्ट आहे. पॅनेलमध्ये अँमीटर आधीपासून आहे. माहीत असलेली वजने उचलून करंटचे कोष्टक बनवले तर चालेल का, की वेगळा काटाच घ्यावा? शंभर-दीडशे किलोंची चूक आम्हाला चालण्यासारखी आहे.

पॅनेलवाला

अँमीटरवर कोष्टक बनवू नका. त्याच पॅनेलमध्ये किलोवॅट दाखवणारा मल्टिफंक्शन मीटर बसवा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. थ्री फेज इंडक्शन मोटर रिकामी फिरत असतानाही फुल लोड करंटच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत करंट घेते आणि त्यातला बहुतेक करंट चुंबकीय क्षेत्र टिकवण्यातच जातो. माल उचलला की काम करणारा करंट वाढतो खरा, पण या दोघांची सरळ बेरीज होत नाही. ते काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारखे असतात आणि अँमीटरला दिसतो तो कर्ण. त्यामुळे हलक्या मालाला काटा जेमतेम हलतो.

किलोवॅटचा हिशेब मात्र सरळ आहे. २,००० किलोंना ९.८१ ने आणि सेकंदाला ०.१३३ मीटर या वेगाने गुणले की हुकपाशी सुमारे २.६ किलोवॅट येतात. पुली, गिअरबॉक्स आणि मोटर यांच्यातली घट धरली तर मीटरवर पावणेचारच्या आसपास आकडा दिसायला हवा. सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे वायरीतला करंट ठरलेल्या प्रमाणात मीटरला देणारे कडे) घेताना मात्र जपा. तुमची मोटर साधारण साडेसात अँपिअरची आहे, त्यामुळे ५०/५ ची सीटी लावली तर वाचन तळाशीच घोटाळत राहील. मोटरची वायर सीटीच्या भोकातून पाच वेळा ओवली की तीच सीटी १०/५ ची होते. मीटरमध्येही तेच गुणोत्तर भरा आणि तिन्ही सीटींची दिशा एकच ठेवा.

सातपूरचा फॅब्रिकेटर

मीटर बसवून रविवारी चाचणी घेतली. २,५०० × १,२५० ची १० मिलिमीटर जाड प्लेट हिशेबाने २४५ किलो भरते, म्हणून चेन स्लिंगमध्ये दोन-दोन प्लेटा वाढवत गेलो. रिकाम्या हुकला ३.८ अँपिअर आणि ०.५ किलोवॅट दिसले. दोन प्लेटांना ४.१ अँपिअर आणि १.३ किलोवॅट, चारला ४.८ आणि २.१, सहाला ५.६ आणि ३.०, आठला ६.६ आणि ३.८. पहिल्या दोन प्लेटांनी करंट फक्त ०.३ ने हलला आणि शेवटच्या दोघींनी पूर्ण १ अँपिअरने. किलोवॅट मात्र दर वेळी आठ-नऊ दशांशानेच चढत गेले. कर्णाची गोष्ट डोळ्यांनी पाहायला मिळाली.

जुना फोरमन

आकडे चांगले आहेत, पण ते एका रविवारचे आहेत, हे विसरू नका. रात्री शेजारचे कारखाने बंद झाले आणि व्होल्टेज ४१५ वरून ४४० कडे सरकले की रिकाम्या मोटरचाच करंट वाढतो. तो अर्ध्या अँपिअरने वाढला, तर तुमच्या अँपिअरच्या कोष्टकावर रिकामा हुक सहाशे किलोंचा दिसेल. किलोवॅटला याची झळ फारच कमी लागते. थंडीची झळ मात्र दोघांनाही लागते: निफाडचा पारा उतरल्याची बातमी ज्या सकाळी छापून येते, त्या सकाळी गिअरबॉक्समधले तेल काकवीसारखे झालेले असते. पाळी सुरू होताना हुक रिकामाच पाच-सहा वेळा वर-खाली करा, मग रिकाम्या हुकचे वाचन लिहून ठेवा आणि दिवसभर तेच वजा करत चला.

वाचन माल चढतानाच घ्या, तेही चालू होतानाचे पहिले दोन-तीन सेकंद सोडून. सुरुवातीचा करंट पूर्ण भाराच्या पाच-सहा पट उसळतो, त्या आकड्याला काही अर्थ नसतो. भारी माल उतरताना मोटरच जनरेटर बनून वीज उलटी पाठवते आणि अँमीटरला दिशा कळत नाही, म्हणून उतरतानाचा करंट पाहून कोणी वजन सांगू लागला तर ऐकू नका.

आता तुमच्या भीतीबद्दल. पॅनेलमधली ओव्हरलोड रिले होईस्टला जास्त वजनापासून वाचवते, असा समज मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. ती रिले मोटर जळू नये म्हणून असते आणि तापल्यावरच मोटर बंद करते, २.३ टन माल अर्ध्या मिनिटात वर जातो तेव्हा तिला त्याचा पत्ताही लागत नाही. किलोवॅट मीटरचेही तसेच आहे, कारण माल जमिनीवरून सुटल्यावरच तो खरे बोलतो आणि तोवर भार रोपवर पडून चुकलेला असतो. सक्षम व्यक्तीकडून होईस्टची नियमित तपासणी होते, त्या वेळी ओव्हरलोड लिमिटरबद्दल, म्हणजे जास्त वजन आले की होईस्ट थांबवणाऱ्या उपकरणाबद्दल त्यांच्याशी बोलून घ्या.

अंबडचा मेंटेनन्सवाला

पुढेमागे होईस्टला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावणार असाल तर हे कोष्टक फेकून द्यावे लागेल. हुक निम्म्या वेगाने चढला की त्याच मालाला किलोवॅट जवळपास निम्मे दिसतात. तिथे ड्राइव्हच्या डिस्प्लेवरचा टॉर्कचा (मोटरच्या पिळाच्या जोराचा) आकडा पाहावा, कारण वेग कमी केला तरी तो मालाप्रमाणेच राहतो.

आमच्याकडे शेवटी लोड सेल, म्हणजे भार मोजणारा सेन्सरच बसवला. हुकला टांगायचा क्रेन काटा सोपा आणि अचूक आहे, पण तो हुकखालची उंची खातो आणि सातपूरच्या जुन्या शेडमध्ये ती आधीच कमी असते. रोपचे जे टोक फ्रेमला स्थिर बांधलेले असते, तिथे सेल लावला तर उंची जात नाही. रोपचे चार पदर असतील तर त्या टोकावर मालाच्या साधारण चौथा हिस्सा भार येतो, म्हणजे एक टनी सेल आरामात पुरतो. पुलीच्या घर्षणामुळे चढताना आणि उतरताना वाचन थोडे वेगळे येते, म्हणून माल थांबवून वाचन घेताना तो नेहमी चढवूनच थांबवा. लिमिटरचा संपर्क त्याच सेलच्या इंडिकेटरवरून वर जाण्याच्या कॉन्टॅक्टरला (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचला) देता येतो, तेव्हा तुमचे दोन्ही प्रश्न एकाच खर्चात सुटतील.

पॅनेलवाला

सहमत. फक्त यातले कोणतेही वजन बिलावर टाकू नका. विक्रीसाठीचे वजन वैधमापन शास्त्र यंत्रणेने पडताळून मुद्रांकित केलेल्या काट्याचेच लागते, तेव्हा चलनावर वे-ब्रिजचाच आकडा जाऊ द्या.

सातपूरचा फॅब्रिकेटर

सर्वांचे आभार. आमच्या होईस्टला चारच पदर आहेत, म्हणून स्थिर टोकाला लावायच्या सेलचे कोटेशन मागवले आहे. तोवर किलोवॅटचे कोष्टक पॅनेलच्या दारावर चिकटवले असून रिकाम्या हुकचे वाचन रोज खडूने बाजूला लिहितो. आज सकाळी ते ०.५८ होते आणि अकराच्या सुमारास ०.५१ वर आले. एक चूक मात्र माझ्याच चाचणीत सापडली. प्लेटांचे वजन मोजताना चेन स्लिंगचे २२ किलो मी धरलेच नव्हते, ते कोष्टकात आता वाढवून लिहिले आहेत.