मदत हवी: जुने १४ फोन नेटवरच्या सिस्टीमला जोडायचेत, आप्पांचा डायलचा फोन आणि शेडातली बेल अडून बसलीत

लेथवाला:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

आमचं कोल्हापूरला उद्यमनगरात मशीन शॉप आहे आणि शिरोली एमआयडीसीत छोटी फौंड्री. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, जवळच कुठंतरी वीज पडली आणि ऑफिसातला इंटरकॉमचा डबा गेला. उघडून बघितला तर कार्डं काळी पडलेली. दुरुस्तीवाल्यानं वास घेतला आणि झाकण परत लावून दिलं, म्हणाला ह्याचे पार्ट आता येत नाहीत.

मग एक कोटेशनवाला आला. त्याचं म्हणणं १४ च्या १४ फोन भंगारात घाला, सगळे आयपी फोन घ्या, प्रत्येकाला लॅनची वायर ओढा. आकडा बघून आप्पांनी चहा पण विचारला नाही त्याला. आणि पाठीमागच्या गोडाऊनपर्यंत वायर फिरवत न्यायची तर १०० मीटरच्या वर जाते, तिथं लॅन चालत नाही म्हणून मध्ये अजून एक स्विच. आमचे फोन चांगले आहेत हो, भिंतीतनं २० पेअरची (तारांच्या जोड्यांची) केबल गेलीय, सगळ्या तारा जिथं येऊन जुळतात तो क्रोन बॉक्स आहे, सगळं जाग्यावर आहे, फक्त मधला डबा मेलाय.

म्हणून भाच्यानं जुन्या कॉम्प्युटरवर फ्रीपीबीएक्स (कॉम्प्युटरचाच इंटरकॉम एक्स्चेंज, म्हणजे पीबीएक्स, करणारं सॉफ्टवेअर) टाकून दिलं, मी दोन पोर्टचा एक एटीए (साधा फोन नेटवर्कला जोडणारा डबा) मागवला, एका कंपनीकडनं नेटवरचा नंबर घेतला. भाचा आता पुण्याला नोकरीला गेला आणि फोन उचलत नाही, त्यामुळं पुढचं माझ्या गळ्यात.

झालंय असं की ऑफिसातला बटणाचा फोन एटीएला लावला तर आतल्या आत मस्त चालतोय, पण बाहेरनं कॉल आला की त्यांचं आम्हाला ऐकू येतं आणि आमचं त्यांना नाही, हॅलो हॅलो करून लोक ठेवतात. आप्पांच्या केबिनमध्ये काळा डायलचा फोन आहे, त्याला टोन येतो, रिंग वाजते, पण डायल फिरवला की काहीच होत नाही, टोन तसाच चालू. आणि शेडात लेथच्या आवाजात ऐकू यावी म्हणून दोन वाट्यांची मोठी बेल आहे फोनला पॅरलल, ती नुसतं टिक टिक करते, वाजत नाही. इतर फोनांची रिंगसुद्धा बदललीय, ट्रिंग-ट्रिंग होत नाही, एकच लांब ट्रिंऽऽऽग. पोरं म्हणतात साहेब फोन आजारी हाय.

अजून एक. जुना लँडलाईन नंबर आता फायबरवर आलाय, त्यांच्या डब्याला मागं फोनचं सॉकेट आहे. नंबर सगळ्या गिऱ्हाइकांकडं आहे, बिलबुकावर छापलाय, तो सोडायचा नाही. त्या सॉकेटातनं वायर काढून एटीएच्या दुसऱ्या पोर्टला लावली तर दोन्हीकडं मुकं. असं का?

जुनालाईनमन:

ती वायर आधी काढा साहेब, आत्ता.

एटीएचा पोर्ट म्हणजे एफएक्सएस. तो टोन देतो, व्होल्टेज देतो, रिंग पाठवतो. फायबरच्या डब्याचं सॉकेटसुद्धा एफएक्सएसच. तुम्ही नळाला नळ जोडलाय, पाणी कुठनं येणार? नशीब दोन्ही पोर्ट जिवंत आहेत. समोर बादली पाहिजे, तिला म्हणतात एफएक्सओ. म्हणजे एफएक्सओ पोर्ट असलेला वेगळा गेटवे (फोनची लाईन आणि नेटवर्क जोडणारा डबा) घ्यायचा, फायबरच्या सॉकेटातली वायर त्यात, आणि तो लॅनवरनं तुमच्या फ्रीपीबीएक्सला. तुमचा छापलेला नंबर तसाच राहील. विकत घेताना दुकानदाराला पोर्टचं नाव अक्षरावर बोट ठेवून दाखवा, कारण दोन्ही सॉकेट दिसायला सारखीच, आणि निम्मे लोक उलटं घेऊन येतात.

१४ फोनांना दोन-दोन पोर्टचे सात डबे लावत बसू नका. १६ एफएक्सएस पोर्टचा एकच गेटवे येतो, तो क्रोन बॉक्सशेजारी भिंतीवर ठोका, एकेका पोर्टवरनं जंपर (जोडवायर) ओढून पंचिंग टूलनं (तार खाचेत दाबून बसवायचं हत्यार) क्रोनवर बसवा. भिंतीतल्या वायरला हातसुद्धा लावायला नको. साध्या फोनला दोन तारा आणि शेकडो मीटर अंतर चालतं, गोडाऊनचा प्रश्न तिथंच मिटला.

फक्त पंच करायच्या आधी प्रत्येक पेअरवर मीटर लावून बघा. कुठल्या पेअरवर जुन्या लाईनचे ४८ व्होल्ट अजून येत असतील तर तो पोर्ट गेला म्हणून समजा. मी एकदा घाईत घालवलाय, म्हणून सांगतोय.

पोटोबा:

एकतर्फी आवाजाचं मी बघतो, ह्यानं माझा एक अख्खा रविवार खाल्लाय.

आतल्या आत चालतंय म्हणजे एटीए आणि फोन बरोबर आहेत. कॉल जुळवायचं बोलणं एका वाटेनं जातं आणि खरा आवाज दुसऱ्या वाटेनं. तुमचं पीबीएक्स समोरच्याला स्वतःचा घरातला पत्ता सांगतंय, १९२.१६८ वाला, आणि राउटर मध्ये शहाणपणा करतोय. हे कॉल जुळवायचं बोलणं म्हणजे सिप, राउटरमध्ये त्यात हात घालणारं सिप एएलजी नावाचं सेटिंग असेल ते बंद करा. नावावरनं वाटतं ते मदत करतं, बहुतेक वेळा घोळच घालतं. मग फ्रीपीबीएक्सच्या सिप सेटिंगमध्ये बाहेरचा आयपी आणि आतलं नेटवर्क दोन्ही भरा. तरीही नाहीच झालं तर नेटवाल्याला विचारा की आम्हाला स्वतंत्र पब्लिक आयपी आहे का सगळ्यांत मिळून एक, आणि स्टॅटिक आयपी मागून घ्या.

हे करताना वैतागून राउटरवर ५०६० पोर्ट (हे सॉकेट नव्हे, सिपच्या वाटेचा नंबर) सगळ्या जगाला उघडून ठेवू नका. आणि एक्स्टेन्शन (आतला नंबर) २०१ चा पासवर्ड २०१ असा ठेवला असेल (भाचे लोक ठेवतात) तर आजच बदला. असल्या पासवर्डवर रात्रभर टपून बसणारे असतात, परदेशात कॉल लावतात आणि बिल तुमच्या नावावर.

स्पीडची काळजी नको. साध्या जी.७११ मध्ये (आवाज नेटवर पाठवायची नेहमीची पद्धत) एका कॉलला एका बाजूनं ९० केबीपीएसच्या आसपास लागतात, सहा जण एकदम बोलले तरी अर्धा एमबीपीएस.

आडवंतिडवं:

बेल आणि रिंग ही एकाच घरची भांडणं आहेत.

एटीए कारखान्यातनं अमेरिकेच्या सेटिंगवर येतो, दोन सेकंद रिंग, चार सेकंद गप. आपल्याकडची रिंग ४०० मिलिसेकंद वाज, २०० गप, परत ४०० वाज, मग दोन सेकंद गप. हेच आपलं ट्रिंग-ट्रिंग. सेटिंगमध्ये रिंग केडन्स (रिंगचा ठेका) नावाच्या रकान्यात हे आकडे घाला. आणि रिंगची फ्रिक्वेन्सी २० असेल तर २५ हर्ट्झ करा, वाट्यांच्या बेलची जीभ त्याच ठेक्यावर हलायला बनवलेली असते.

तरी नाही वाजली तर करंट कमी पडतोय. डब्याच्या कागदावर आरईएन म्हणून आकडा असतो, ३ किंवा ५ असं काहीतरी, म्हणजे साधारण तेवढ्या फोनांच्या घंट्या एका पोर्टवर वाजतील. जुनी वाट्यांची बेल एकटीच भरपूर खाते, वर तुमचा फोन पॅरलल. तिला स्वतःचा पोर्ट द्या आणि पीबीएक्समध्ये रिंग ग्रुप करून दोन्ही एकदम वाजवा. तेही नाही झालं तर इलेक्ट्रिशियनकडनं रिंगवर ओढणारा रिले बसवून घ्या आणि त्यावर २३० व्होल्टचा भोंगा. फौंड्रीत आमच्याकडं तोच आहे, वाजला की शेजारच्या कारखान्यातले पण जेवायला उठतात.

डायलच्या फोनचं वेगळं आहे. बटणाचा फोन सूर पाठवतो, डायलचा फोन लाईन तोडून जोडतो. एक फिरवला की एकदा, पाच फिरवला की पाच वेळा, शून्याला दहा वेळा, सेकंदाला दहाच्या वेगानं. तुमच्या डब्याला ते तुटणं मोजता येत नाहीये. काही एटीएंत पल्स डायलिंग म्हणून पर्याय असतो पण बंद असतो, तो शोधा. नसेल तर पल्सचं टोन करणारा छोटा कन्व्हर्टर मध्ये लावा. आप्पांना कुलपाचा जमाना आठवत असेल बघा, डायलला बारकं कुलूप लावून मालक गावाला जायचा आणि पोरं हुकावर टकटक करून नंबर लावायची. तेच तंत्र.

व्हीनसकॉर्नर:

सगळे डब्यांचं सांगालेत, लाईटचं कोणच बोलंना. तांब्याच्या लाईनला एक्स्चेंजच्या बॅटरीवरनं करंट यायचा, तुमची लाईट गेली तरी फोन चालू. आता फायबरचा डबा, राउटर, स्विच, गेटवे आणि तो जुना कॉम्प्युटर, एक जरी बंद पडला तरी १४ फोन एकदम मुके. सगळे एकाच इन्व्हर्टरवर घ्या. आणि वीज पडून एक डबा गेलाच आहे तर अर्थिंग तपासून घ्या, क्रोनवर बाहेरनं येणाऱ्या पेअरना सर्ज प्रोटेक्टर बसवा, नायतर पुढच्या मे महिन्यात परत इथंच धागा काढशीला.

माझ्या दुकानात २०१९ ला पाणी शिरलं तेव्हा राउटर टेबलाखाली होता. आता छताला टांगलाय.

लेथवाला:

पुराचं म्हणाल तर तेव्हा हायवे बंद, आम्ही इकडं आणि फौंड्रीतली माणसं शिरोलीला. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांवर गेली की धोका पातळी, त्या साली ती ५५ च्या पुढं गेली होती. जुन्या फोनवर दिवसातनं चार वेळा बोलणं व्हायचं. म्हणूनच आप्पा त्या काळ्या फोनला सोडायला तयार नाहीत, हे मी वर लिहायचं विसरलो.

इन्व्हर्टरची मोठी बॅटरी घेतोय आणि शिरोलीला पण एक दोन पोर्टचा एटीए ठेवून व्हीपीएनवरनं (नेटवरनं दोन जागा जोडणारी खाजगी वाट) जोडणार, म्हणजे तिकडचा फोन २३१ असा एक्स्टेन्शन होईल.

लेथवाला: (आठ दिवसांनी)

अपडेट. सिप एएलजी बंद केलं, दोन्हीकडचा आवाज चालू. पासवर्ड खरंच २०१ होता. १६ पोर्टचा गेटवे बसला, एफएक्सओवाला पण आला, छापलेला नंबर वाजतोय. बेल वेगळ्या पोर्टवर २५ हर्ट्झला ठणाणा वाजली, कटिंगवरच्या पोरानं दचकून हातातला चहा सांडला.

गेटवेत पल्स डायलिंग सापडलं, चालू केलं, आप्पांनी तीन आकडे फिरवून स्टोअर लावला, एकदम खूश. पण मोबाईल लावताना नंबर अर्धवट जातोय. लँडलाईनवरनं मोबाईलला पुढं शून्य लावायचं २०२१ पासून, म्हणजे ११ आकडे. आप्पा मध्ये डायरीत बघतात, चष्मा वर करतात, तोवर गेटवे पाच-सहा आकड्यांवरच कॉल सोडून देतो.

आडवंतिडवं:

आकडा आला नाही की किती वेळ थांबायचं त्याचं सेटिंग असतं, बहुतेक ४ सेकंद असेल. १० करा.

लेथवाला:

१० ला पण चष्मा बसत नव्हता, १५ केलं. पहिला फोन त्यांनी भाच्याला लावला पुण्याला, आणि त्यानं उचलला. माझा उचलत नाही.