पाण्याचे मीटर आकड्यांनी बसले नाहीत, आजींच्या गोष्टीने बसले

मुठाकाठ (धागाकर्ता)

सिंहगड रस्त्यावरील आमच्या सोसायटीत ८४ सदनिका आहेत आणि मार्चपासून पाऊस लागेपर्यंत आमची मुख्य भिस्त टँकरवर असते. मी व्यवस्थापन समितीचा खजिनदार. उभी नोकरी कारखान्याच्या कॉस्टिंग विभागात गेल्यामुळे माझी अशी प्रामाणिक समजूत होती की, प्रत्येक सदनिकेला स्वतंत्र पाणीमीटर बसवण्याचा ठराव मंजूर करून घ्यायचा तर तीन वर्षांच्या टँकरच्या पावत्या, त्यांची महिनावार बेरीज आणि सदनिकेमागे पडणारा खर्च पडद्यावर दाखवला की काम भागते. दोन वार्षिक सर्वसाधारण सभांत मी ते केले. पहिल्या वर्षी तिसऱ्या तक्त्यालाच कोणीतरी पार्किंगचा विषय काढला. दुसऱ्या वर्षी एक सभासद म्हणाले, "खजिनदार, हे सगळे बरोबर असेल हो, पण आमचा मेंटेनन्स किती वाढणार तेवढे सांगा," आणि पुढचे बारा तक्ते लॅपटॉपमध्येच राहिले. दोन्ही वेळा ठराव पडला.

यंदा मी लॅपटॉप उघडण्याआधीच तळमजल्यावरच्या आजी बोलायला उठल्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पाठोपाठ खडकवासलाही गेले, तेव्हा त्या चौथीत होत्या आणि त्यांचे बिऱ्हाड नारायण पेठेत होते. पूर ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ होता आणि शहराला पाणी देणारे धरणच रिते झाल्यामुळे नळ मात्र कोरडे होते. "गावभर पाणीच पाणी, आणि दुसऱ्या दिवशी प्यायला थेंब नाही," असे त्या म्हणाल्या. मामांच्या वाड्यातल्या आडावर त्यांची आई पहाटे रांगेत उभी राहायची आणि परत आल्यावर सात जणांना पितळी तांब्याने मोजून पाणी द्यायची. अंघोळीला माणशी चार तांबे, फक्त आजोबांना पाच. "पाणी मोजून घ्यायची तेव्हा कुणाला लाज वाटली नाही," एवढे सांगून त्या खाली बसल्या. दहा मिनिटांत ठराव मंजूर झाला आणि पार्किंगवाले गृहस्थही हात वर करून बसले होते.

तेव्हापासून माझे मत बदलले आहे. लोकांना बरोबर न्यायचे असेल तर गोष्ट आधी सांगावी आणि आकडे परिशिष्टात ठेवावेत. खडकवासला प्रकल्पाच्या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावते, हे पुणेकर दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात वाचतो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर, हेही त्याला कोणीतरी समजावून सांगते. पण ते वाचून वाहता नळ बंद केलेला माणूस निदान मी तरी पाहिलेला नाही. ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी सविस्तर लिहावे.

शंकासुर

आजींविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो. ठराव योग्य होता, म्हणून आपल्याला गोष्टही योग्य वाटते आहे. त्याच सभेत दुसऱ्या एखाद्या आजींनी उठून, "आमच्या भावाच्या सोसायटीत मीटर बसवले आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत कोर्टकचेरी झाली," असे डोळ्यांत पाणी आणून सांगितले असते, तर तेच हात खाली राहिले असते आणि आपला हा धागा 'भावनेपुढे विवेक हरला' अशा शीर्षकाने आला असता.

माझा मूळ आक्षेप हा आहे की गोष्टीची उलटतपासणी करता येत नाही. आपल्या तक्त्यातली बेरीज चुकली असती तर कोणीही उठून ती दाखवू शकला असता. आजींना "तांबे चार होते की सहा?" असे विचारण्याची त्या सभागृहात कोणाची छाती होती?

पुण्यात हेल्मेटचा विषय काढून पाहा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात हेल्मेट सक्तीचे करणारे कलम १२९ आहे. अपघातात हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष अनेक अभ्यास एकत्र तपासून २००८ मध्येच निघालेला आहे. पण प्रत्येक पेठेत एक मामा असतो, ज्याला हेल्मेटमुळे मागचा हॉर्न ऐकू आला नाही आणि म्हणून अपघात झाला. सगळ्या चर्चेत जिंकतो तो मामा.

आणखी एक प्रयोग सांगतो. अमेरिकेत स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक या संशोधकांनी काही लोकांना प्रत्येकी पाच डॉलर देऊन त्यांतून दान मागितले. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची हकिकत दिली, दुसऱ्याला आफ्रिकेतील लाखो उपाशी लोकांचे आकडे दिले आणि तिसऱ्याला दोन्ही दिले. रोकियाला सरासरी २.३८ डॉलर मिळाले, आकड्यांना १.१४ आणि दोन्ही एकत्र दिल्यावर १.४३. आपण म्हणाल, पाहा, गोष्टच जिंकली. मला मात्र यात भीती दिसते, कारण एकीची हकिकत वाचून सैल झालेला हात लाखोंची संख्या कळताच आखडला. हा माणसाच्या मनाचा दोष आहे. पुढाऱ्याने त्यावर स्वार व्हायचे की तो दुरुस्त करायचा, हा खरा प्रश्न आहे.

उत्तररंग

शंकासुर यांचा युक्तिवाद धारदार आहे, पण तो गोष्ट म्हणजे सुटी, बेवारस हकिकत असे गृहीत धरतो. आपल्याकडे लोकांना पटवून देण्याची एक जुनी, घोटलेली पद्धत आहे आणि तिच्यात या आक्षेपाचे उत्तर आहे. नारदीय कीर्तनात बुवा उभे राहिल्याबरोबर कथा सांगत नाहीत. नमन झाले की पूर्वरंगात मूळ पद घेतात, त्यातला सिद्धान्त मांडतात, शंका उपस्थित करतात, निरसन करतात. मध्ये नामाचा गजर होतो आणि मगच उत्तररंगात आख्यान लागते. ते आख्यान मूळ पदाला बांधलेले असावे लागते. पूर्वरंगात वैराग्याचे निरूपण आणि उत्तररंगात भलतेच रसाळ लग्न लावले, तर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाहेर पडताना चपला शोधता शोधता बुवांचे माप काढतात. मी नारायण पेठेतल्या एका देवळात लहानपणी ते ऐकलेले आहे. तेव्हा गोष्टीची उलटतपासणी होत नाही, हे मला मान्य नाही. मुरलेला श्रोता ती करतो.

मुठाकाठ, तुमचे दोन वर्षांचे तक्ते वाया गेले असेही मला वाटत नाही. तो तुमचा पूर्वरंग होता. आख्यान नसल्यामुळे लोक मध्येच उठून गेले, इतकेच.

हिंजवडी-परत

थोडेसे अवांतर, पण विषयाला धरून. आमच्या कार्यालयात व्यवस्थापकांना गोष्ट सांगायला शिकवण्याचे वर्ग होतात आणि त्यांत अमेझॉनचे उदाहरण हटकून येते, की २००४ मध्ये तिथल्या वरिष्ठांच्या बैठकींतून पॉवरपॉइंट हद्दपार झाले आणि त्याजागी सहा पानी लेखी टिपण आले. हे उदाहरण गोष्टीच्या बाजूने देणे चुकीचे आहे. बैठकीच्या सुरुवातीला सगळे जण ते टिपण निमूटपणे वाचतात आणि मग चर्चा होते. ठिपके देऊन चार शब्द लिहिले की विचारांतली भगदाडे झाकली जातात. पूर्ण वाक्य लिहायचे तर 'म्हणून' आणि 'कारण' लिहावेच लागते आणि तिथे लेखक सापडतो. ही शाळेतल्या निबंधाची शिस्त झाली, आजीच्या गोष्टीची नव्हे.

मीठभाकर

पुण्यातली चर्चा इतका वेळ गोखल्यांवाचून चालली, हेच आश्चर्य. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनमध्ये शिकवत आणि त्यांनी शाळेसाठी अंकगणिताचे पुस्तकही लिहिले होते. मार्च १९०२ मध्ये कलकत्त्याच्या विधिमंडळात अर्थसंकल्पावर ते पहिल्यांदा बोलले, तेव्हा समोर इंग्रज अधिकारी बसले होते आणि सरकारचे शिल्लक अंदाजपत्रक हे भरभराटीचे लक्षण म्हणून मिरवले जात होते. गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले की शिल्लक उरते ती रयतेकडून गरजेपेक्षा अधिक कर वसूल होतो म्हणून. मिठावरचा कर तेव्हा मणामागे अडीच रुपये होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक. हे केवळ त्यांच्या भाषणांमुळे घडले असे मी म्हणणार नाही, पण ऐकणारा तुमच्या विरोधात असेल तेव्हा त्याच्याच वहीतला आकडा त्याच्यापुढे ठेवण्यासारखे दुसरे शस्त्र नाही. रयतेच्या दुःखाची कहाणी त्यांना सहज सांगता आली असती, आणि ती ऐकून समोरच्यांनी रुमालाने डोळे टिपून कर तसाच ठेवला असता.

उत्तररंग

मीठभाकर, अर्धेच सांगितलेत. त्याच गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्ती लागू केली होती, तो दाखला होता; देशोदेशीची तुलना होती; खर्चाचा हिशेब होता. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. त्याच काळात गणेशोत्सवाच्या मांडवांतून मेळ्यांची पदे ऐकून माणसे पेटून उठत होती, आणि तिथे कोणी तक्ता लावलेला नव्हता.

मीठभाकर

त्या सभागृहात सरकारी सदस्यांचे बहुमत होते. तिथे गोष्ट सांगितली असती तरी ३८ चे ३७ झाले नसते. पराभवाचे कारण आकड्यांवर ढकलू नका. आणि मांडवात माणसे पेटून उठतात हे खरे असले, तरी कशासाठी पेटायचे हे प्रत्येक मांडव आपापले ठरवतो, एवढे लक्षात असू द्या.

रात्रपाळी

मी एका मोठ्या रुग्णालयात बरीच वर्षे परिचारिका होते आणि नंतर वॉर्डाची प्रमुख झाले. आमच्या क्षेत्रात सर्वांत प्रसिद्ध गोष्ट दिव्याची: क्रिमियाच्या युद्धात रात्री हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेल. आमच्या शपथविधीला आम्हीही दिवे धरले होते. परंतु बाईंनी परत आल्यावर जे काम केले ते दिव्याचे नव्हते. सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी कितीतरी अधिक मेले, हे त्यांनी १८५८ मध्ये महिन्यामहिन्याच्या पाकळ्यांच्या आकृत्या काढून दाखवले आणि त्या आकृत्या घेऊन त्या सरकारच्या मागे लागल्या. दिवा लक्षात राहिला आणि पाकळ्या विसरल्या गेल्या, याचे मला नेहमी वाईट वाटते.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. एकदा आमच्याकडे एका रुग्णाचा ऑक्सिजनचा सिलिंडर ऐन वेळी रिकामा निघाला. रुग्ण वाचला, पण त्या रात्रीची हकिकत प्रत्येक पाळीत इतक्या वेळा सांगितली गेली की पुढचे सहा महिने आम्ही दर तासाला सिलिंडर तपासत होतो. त्याच काळात घटनांच्या नोंदवहीत मी सहज बोट फिरवले, तेव्हा खाटेवरून किंवा खाटेजवळ पडण्याच्या नोंदी एकाच वेळेला दाटलेल्या दिसल्या: पहाटे चार ते सहा. वयस्कर माणसे नर्सला हाक मारण्याचा संकोच करून एकटीच लघवीला उठत होती आणि नेमक्या त्या वेळी आम्ही सकाळच्या औषधांचे ट्रे लावण्यात गुंतलेल्या असायचो. त्या पडण्यांची कोणीच गोष्ट सांगितली नव्हती, कारण त्यांतली एकेक घटना अगदीच साधी होती. पहाटे साडेतीनला एक फेरी वाढवली आणि प्रत्येकाला "जाऊन यायचे का?" एवढे विचारायला सुरुवात केली. नोंदी कमी झाल्या.

तेव्हा गोष्टीला माझा विरोध नाही, पण कोणती गोष्ट सांगायची हे वही पाहून ठरवावे. जी आपोआप तोंडी येते ती बहुधा सिलिंडरची असते.

शंकासुर

रात्रपाळी यांच्या प्रतिसादानंतर माझ्याजवळ वेगळे लिहिण्यासारखे फारसे उरले नाही. फक्त मुठाकाठ यांना एक आठवण करून देतो. आजींच्या गोष्टीत सभागृहाला जे भिडले, ते 'माणशी चार तांबे' होते. तो आकडाच आहे. दांडेकर आणि रथ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये इथल्याच गोखले संस्थेतून देशाच्या दारिद्र्याचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांनीही माणशी दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च हे माप धरले होते, आणि ताटावर मोजता येते म्हणून ते सामान्य माणसालाही कळले. आपले तक्ते टँकर मोजत होते. आपण माणशी बादल्या मोजल्या असत्या तर कदाचित पहिल्याच वर्षी काम झाले असते.

मुठाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. बादल्यांची सूचना मला झोंबली आणि पटली. 'आकडे परिशिष्टात' हे वाक्य मी मागे घेतो, आणि का, ते सांगतो.

आमच्या सोसायटीत वर्षानुवर्षे आणखी एक गोष्ट चालत आलेली होती, जिच्याबद्दल मी धाग्यात लिहिले नाही. पाणी नासतात ते चौथ्या मजल्यावर भाड्याने राहणारे चार विद्यार्थी, असे प्रत्येक सभेत कोणी ना कोणी म्हणत असे. मीही म्हणालो आहे. मीटर बसल्यावर पहिल्या महिन्याचे वाचन मी स्वतः वही घेऊन टिपले. विद्यार्थ्यांचे वाचन खालून तिसरे निघाले. मुले दोन्ही वेळ मेसला जेवतात, कपडे बाहेर धुवायला देतात आणि दिवसभर कॉलेजात असतात. सर्वांत वरचे वाचन माझ्या सदनिकेचे होते.

शंकासुर

किती लिटर?

मुठाकाठ (धागाकर्ता)

३१,०००. आम्ही घरात तिघे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हा मापदंड धरला, तर महिन्याला १२,१५० व्हायला हवे होते. फ्लशच्या टाकीतला वॉशर गेला होता आणि पाणी रात्रंदिवस बिनआवाज वाहत होते. प्लंबरने तो बदलला. पुढच्या महिन्याचे वाचन ११,४०० आले. दोन्ही वाचने मी माझ्या नावासह जिन्याखालच्या फलकावर लावली आहेत, आणि चौथ्या मजल्यावर जाऊन त्या मुलांची क्षमा मागितली. त्यांनी चहा पाजला. कप धुताना नळ चालू ठेवला होता, पण मी काही बोललो नाही.