फेलूदा वेरूळला येऊन गेलाय

शेरलॉक होम्सला मानवंदना म्हणून लिहिलेल्या नव्या कथा म्हणजे नुसती नक्कल, हे तुमचं म्हणणं मला नाही पटत. सत्यजित राय यांचा बंगाली गुप्तहेर फेलूदा घ्या. होम्सला गुरू मानतो, पण आहे पक्का कलकत्त्याचा. 'कैलासे केलेंकारी'त (१९७३) तर मूर्तिचोरांच्या मागावर तो थेट आपल्या वेरूळला येतो! ते वाचलं आणि पुढच्याच रविवारी जालन्याहून एसटीनं निघालो. कैलास लेण्याचा कोपरा न् कोपरा त्याच्या नजरेनं पाहिला. नक्कल करणाऱ्यांना होम्सची टोपीच तेवढी दिसते. (ती तर होम्सकथांचे चित्रकार सिडनी पॅजेट यांनी चढवलेली.) मला वाट आहे ती मोंढ्यात, सांडलेल्या तुरीच्या दाण्यांवरून माग काढणाऱ्या आपल्याकडच्या गुप्तहेराची. लिहा कुणीतरी, पहिला वाचक मी.