प्रथमोपचार शिकणं सगळ्यांना सक्तीचं असावं का?

सांजवेळ
माझं मत आधीच सांगतो. सक्तीचं असावं, आणि शाळेपासूनच असावं.

हृदय अचानक बंद पडलं की काही मिनिटांतच मेंदूला इजा व्हायला लागते. सीपीआर (म्हणजे छाती दाबून, जमल्यास तोंडाने श्वासही देऊन रक्ताभिसरण चालू ठेवणं) नाही, हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र नाही, अशा अवस्थेत जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी ती उडत येत नाही. तोवर जो शेजारी असेल त्याच्याच हातात सगळं. आणि हे प्रसंग बहुतेक घरातच घडतात, म्हणजे शेजारी असणार नवरा, बायको, नाहीतर पोटची पोर.

डेन्मार्कने २००५ साली शाळांत आणि २००६ साली वाहन परवान्यासाठी हे प्रशिक्षण सक्तीचं केलं. २००१ मध्ये तिथे रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी सुमारे २१ टक्के लोकांना आसपासच्यांकडून सीपीआर मिळत होता. २०१० पर्यंत हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास गेलं. महिनाभरानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण साडेतीनवरून जवळजवळ ११ टक्क्यांवर आलं. याहून मोठा पुरावा काय हवा?

वाटसरू
पुरावा अर्धाच मांडलात. त्याच दहा वर्षांत डेन्मार्कमध्ये रुग्णवाहिका सुधारल्या, रुग्णालयातले उपचार सुधारले, झटका देणारी यंत्रं जागोजागी बसली, सीपीआरचे नियमही बदलले. त्यातलं सक्तीच्या वर्गाचं श्रेय किती, हे त्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही.

माझा मुख्य आक्षेप विस्मरणाचा आहे. सराव नसेल तर हे कौशल्य तीन ते सहा महिन्यांत ढासळू लागतं, हे प्रशिक्षण देणारेच सांगतात. सोळाव्या वर्षी सरावाच्या बाहुलीवर छाती दाबलेला मुलगा चाळिशीत काय करणार? हातात प्रमाणपत्र आणि डोक्यात धूसर आठवण. असा माणूस अपघातातल्या जखमीला मान न सांभाळता ओढून बाहेर काढतो. त्यापेक्षा तोच पैसा रुग्णवाहिकांवर घाला.

अबोली
मी आपत्कालीन विभागात परिचारिका आहे. अर्धवट ज्ञानाची भीती रास्त आहे, पण न शिकवलेल्या माणसाची पाटी कोरी असते असं समजू नका. ती ऐकीव गोष्टींनी भरलेली असते. भाजलेल्या हातावर टूथपेस्ट नाहीतर थेट बर्फ. फिट आलेल्याच्या दातांत चमचा, मग तुटलेला दात आणि सोललेली हिरडी. नाकातून रक्त येतंय तर डोकं मागे, म्हणजे सगळं रक्त घशात. साप चावला की वर घट्ट दोरी आणि ब्लेडने चीर. हे सगळं करणारी माणसं प्रेमापोटीच करतात, म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

भाजण्याचंच बघा. साधं वाहतं गार पाणी, वीस मिनिटं. अंगठी, बांगडी सूज यायच्या आत काढायची, चिकटलेला कपडा ओढायचा नाही. भाजून तीन तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो. तरी लोक दोन मिनिटं हात नळाखाली धरतात आणि मलम शोधायला धावतात. वीस मिनिटं हा आकडा कोणी त्यांना सांगितलेलाच नसतो.

वाटसरू
अबोलीताई, तुम्ही सांगितलेलं सगळं माहितीत मोडतं. ते भिंतीवरच्या फलकावर मावेल. त्यासाठी सक्तीचा वर्ग कशाला?

अबोली
भाजण्यासाठी फलक पुरेल, मान्य. हृदय बंद पडल्यावर नाही पुरणार. अशा माणसाचा श्वास लगेच थांबेलच असं नाही. बऱ्याचदा तो तोंड उघडून, मधूनमधून आचके देत हवा घेतो, घोरल्यासारखा आवाज येतो. बघणाऱ्याला वाटतं, श्वास चालू आहे, थांबू या. तिथेच वेळ जातो. माणूस प्रतिसाद देत नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की दाबायला सुरुवात करायची. छातीच्या मध्यभागी, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. ५ सेंटिमीटर म्हणजे किती जोर, हे हाताला कळावं लागतं. पहिल्यांदा बाहुलीवर दाबणारा जवळजवळ प्रत्येक जण कमी दाबतो, घाबरून.

गवतफुला
पण आता फोनवरचा माणूसच सगळं सांगतो ना? आपत्कालीन क्रमांक लावा, स्पीकर चालू करा, तो म्हणेल तसं करा. तोंडाने श्वास द्यायचीही जबरदस्ती नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्येच सांगितलं की मोठा माणूस डोळ्यांदेखत कोसळला तर प्रशिक्षण नसलेल्याने नुसती छाती दाबली तरी चालेल. शिवाय १२ जून २०२१ आठवा. युरो फुटबॉल स्पर्धेत डेन्मार्कचा खेळाडू क्रिस्तियन एरिक्सन मैदानात कोसळला, त्याचं हृदय बंद पडलं. त्याला वाचवलं ते प्रशिक्षित वैद्यकीय पथकाने आणि झटक्याच्या यंत्राने. प्रेक्षकांनी नव्हे.

सांजवेळ
एरिक्सनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. पथक मैदानाच्या कडेला होतं, म्हणून उपचार लगेच सुरू झाले. बाकीच्यांच्या घराच्या कडेला पथक उभं नसतं. फोनवरची मदत मोलाचीच, पण आधी फोन लावायचं सुचायला हवं, आणि श्वास ‘चालू आहे’ असं चुकीचं सांगितलं तर पलीकडचाही फसतो. यंत्र बोलून सूचना देतं, तरी ते कुणीतरी आणायला आणि उघडायला लागतंच. तोवर छाती दाबत राहायचं.

वाटसरू, विस्मरणाला उत्तर सरावाचं आहे. दरवर्षी एकच तास, आणि गोष्टी चारच: छाती दाबणं, वाहतं रक्त थेट दाब देऊन थांबवणं, घशात अडकलेलं काढणं, बेशुद्ध पण श्वास घेणाऱ्याला कुशीवर वळवणं. मान सांभाळणंही त्यातच येईल. मोठे अभ्यासक्रम हवेत कोणाला!

गवतफुला
दरवर्षी तास भरणार असाल तर शाळेत माझी हरकत नाही. परवान्याशी जोडू नका. तिथे लोक सही मिळवायला बसतील.

वाटसरू
शाळेपुरतं मीही मान्य करेन. पण शाळेने तुमचा मूळ प्रश्न सुटत नाही. हृदय बंद पडतं ते बहुतेक उतारवयातल्या माणसांचं, आणि घरात असतो त्यांच्याच वयाचा जोडीदार. शाळा सोडून त्याला पन्नास वर्षं झालेली. तुमची सक्ती त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

अबोली
हा मुद्दा खरा आहे. म्हणून माझी सक्ती वेगळ्या जागी आहे, रुग्णालयावर. हृदयविकाराच्या रुग्णाला घरी सोडताना गोळ्यांची यादी समजावतो, पथ्य समजावतो. त्याच वेळी घरच्यांना बाहुलीसमोर बसवून अर्धा तास छाती दाबायला लावावं, आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला पुन्हा. माणसं तिथे आलेलीच असतात, ऐकायच्या मनःस्थितीत असतात, आणि धोका कोणाच्या घरात आहे हे आपल्याला आधीच माहीत असतं. साठीच्या बाईंचे हात दुखतील, दोन मिनिटांत दम लागेल. तरी त्यांनी दाबायचं, आणि ओरडून शेजाऱ्याला बोलवायचं.